रुपयाचे एकोणतीस पैसे

जानी माझ्या घोलवडच्या वाडीत चिकू निवडायला येऊ लागली, त्याला बरीच वर्षं झाली. मोठे, मध्यम आणि बारके असे तीन ढीग करायला तिच्याइतका भरवशाचा हात दुसरा नव्हता. एका संध्याकाळी एक उंच, गप्प माणूस फाटकाशी उभा राहिला. हा तुझा नवरा का, असं मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "हो बाय. पण लगीन व्हायचंय." त्या वेळी त्यांची मुलगी शितल सात वर्षांची होती.

हा माणूस म्हणजे चैत्या. ज्याच्याबद्दल मी लिहिते आहे, तो.

तलासरीकडच्या पाड्यांमध्ये यात कुणाला वावगं वाटत नाही. माणूस आणि बाई एकत्र राहू लागतात, मुलं होतात, आणि पैसे जमतील तेव्हा लगीन होतं. लगीन लावणारी धवलेरी येते, भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिला जातो, अख्खा पाडा जेवतो. कधी कधी बापाचं आणि मुलाचं एकाच मांडवात उरकतात. मात्र आईबापाचं लगीन झाल्याशिवाय मुलांचं होत नाही, हे पक्कं. मी कॉन्व्हेंटमध्ये वाढलेली असल्यामुळे सुरुवातीला हे ऐकून मला कसंसंच झालं होतं. आता होत नाही. कसंसं व्हावं अशा गोष्टी पुढे पुष्कळ पाहिल्या, आणि त्या सगळ्या रीतसर लग्न लागलेल्या माणसांनी केलेल्या होत्या.

चैत्याच्या पाड्यावरून समुद्र दिसत नाही. तरी तो सोळा-सतरा वर्षांचा असल्यापासून गुजरातेत ओख्याला मासेमारीच्या बोटीवर खलाशी म्हणून जात असे. तिकडच्या बोटवाल्यांना माणसं पुरवणारा चिमण म्हणून एक दलाल आहे. पावसाळ्याच्या तोंडाशी तो पाड्यांवर फिरतो, ज्याला पैशांची नड असेल त्याला उचल देतो, आणि पाऊस ओसरू लागला की टेम्पोत भरून नेतो. शंभर रुपये उचल म्हटली तर हातात ऐंशी ठेवतो. वीस कसले, असं कुणी विचारत नाही. चैत्याच्या भाषेत तो 'चिमणशेठ'.

जानेवारी २०१९ मध्ये चैत्याची बोट पाकिस्तानच्या गस्तीवाल्यांनी पकडली. समुद्रावर रेघ आखलेली नसते, असं तो नंतर म्हणाला. तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, मासळीच्या मागे जातो आणि खलाशी तांडेलाच्या मागे. जानीला बातमी द्यायला चिमण स्वतः आला. मला वाटलं, चला, एवढी तरी माणुसकी. पण बातमी दिल्यावर त्याने तिला लगेच प्रश्न विचारला तो असा, की उचल अर्धीच फिटली आहे, उरलेली आता कोण फेडणार. जानी त्या दिवशी कामावर आली आणि तिने नेहमीसारखे तीन ढीग केले.

कराचीच्या तुरुंगात चैत्याने चार वर्षं काढली. तिथे कैदी मणी ओवून माळा, बटवे, किल्ल्यांना लावायची फुलं करतात आणि बाहेरचा व्यापारी ती विकत घेतो. चैत्या जाळं विणणारा, त्याची बोटं चालती. पैसे त्याच्या नावावर जमा होत. एवढी वर्षं त्या माणसाने डोक्यात एकच हिशोब ठेवला होता: बोकड, तांदूळ, जानीला आणि शितलला लुगडी, धवलेरीचा मान, ताडी. त्याला ठाऊक असलेल्या जुन्या दराने हे सगळं अठरा हजारांत बसत होतं. सुटकेच्या वेळी तिथल्या एका धर्मादाय संस्थेने प्रत्येकाच्या हातात थोडे पैसे दिले. ते धरून अठरा हजार पुरे झाले. लगीन खिशात घालूनच तो निघाला.

अटारीला सीमा ओलांडल्यावर टेबल टाकून बसलेला एक माणूस पाकिस्तानी नोटा बदलून देत होता. बरोबरच्या सगळ्यांनी बदलून घेतल्या. चैत्याने भाव विचारला. रुपयाचे एकोणतीस पैसे. त्याने नोटा परत खिशात घातल्या.

हे त्याने मला माझ्या ओटीवर बसून मोठ्या अभिमानाने सांगितलं. "बाय, चिमणशेठसुद्धा शंभराला ऐंशी देतो. हा शंभराला एकोणतीस देतो म्हणाला. मी काय एवढा येडा?"

लुटारू ओळखायला तो आयुष्यभर शिकला होता आणि शिकलेलं त्याने वापरलं. फक्त तो माणूस लुटारू नव्हता. भावच तो होता.

मी त्याला समजवायचा प्रयत्न केला. माझे वडील मुंबईला कापसाच्या दलालाच्या कचेरीत होते. हे सगळं त्यांच्या तोंडून जेवणाच्या पाटावर ऐकलेलं. फाळणी झाली तेव्हा दोन्हीकडे रुपया एकच होता. पाकिस्तानच्या पहिल्या नोटा आपल्या नाशिकला छापलेल्या, त्याच इंग्रज राजाच्या चित्राच्या, फक्त वर पाकिस्तान सरकार असा शिक्का मारलेला. वर्षभरात बँका वेगळ्या झाल्या. मग १९४९ साली इंग्रजांनी आपला पौंड उतरवला, त्यांच्यामागोमाग आपण रुपया उतरवला, आणि पाकिस्तान म्हणालं, आम्ही नाही उतरवणार. त्यामुळे काही वर्षं त्यांचे शंभर रुपये घ्यायला आपले एकशेचव्वेचाळीस लागत. वडिलांच्या कचेरीत यावरून महिनोन्‌महिने व्यापार ठप्प होता. पुढे त्यांचा रुपया उतरत गेला. आपलाही उतरला, पण त्यांचा अधिक.

चैत्या लक्ष देऊन ऐकत होता. म्हणाला, "तेव्हा पकडायला पायजे होतं मला. बँडसुद्धा आला असता."

त्याला सगळ्यात जास्त लागलं ते मी पुढे सांगितलेलं. तो आत गेला तेव्हा त्यांचा रुपया आपल्या आठ आण्यांच्या आसपास होता. बाहेर आला तेव्हा एकोणतीस पैसे. म्हणजे पहिल्या वर्षी ओवलेली माळ त्याच्या नावावर पडल्या पडल्या झिजत होती. त्याने बोटांवर वर्षं मोजली. मग म्हणाला, "वाटणी झाल्यावर एका भावाच्या शेतात खारं पाणी शिरलं, तसं." मला यापेक्षा नीट सांगता आलं नसतं, पण समजणं वेगळं आणि पटणं वेगळं. नोटेवर हजार लिहिलेलं आहे, रुपया असंच नाव आहे. आपला चष्मेवाला, त्यांचा टोपीवाला, एवढाच फरक. बँकेत विचारून बघतो, म्हणाला.

तो जून २०२३ होता. दोन हजारांच्या गुलाबी नोटा मागे घ्यायचं नुकतंच जाहीर झालेलं, आणि डहाणूच्या बँकेत त्या बदलायची रांग. माझ्याही कपाटात दोन निघाल्या होत्या, म्हणून मी त्याच्याबरोबर गेले. आमच्या पुढे पाच मजूर उभे होते. प्रत्येकाच्या हातात नेमक्या दहा नोटा, कारण एका वेळी तेवढ्याच बदलून मिळत. बाहेर गाडीत त्यांचा मालक वातानुकूलन लावून बसला होता. एक एक जण पैसे बदलून बाहेर जाई, मालकाच्या हातात देई आणि पुन्हा रांगेत येई. आत सगळ्यांना हे दिसत होतं. कुणी त्यांना काही विचारलं नाही. मला त्या गाडीच्या बंद काचेची शिसारी आली.

चैत्याची पाळी आल्यावर त्याने आपली नोट काचेखालून सरकवली. हर्षदा म्हणून एक तरुण मुलगी खिडकीवर होती. तिने नोटेला लावलेला हात चटका बसल्यासारखा मागे घेतला आणि हे इथे चालत नाही, म्हणाली.

"ती गुलाबी बंद झाली तरी बदलून देता," चैत्या म्हणाला. "ही तर बंदसुद्धा नाय झाली."

रांग हसली. मागून कुणीतरी, मियां, कराचीला जा बदलायला, असं म्हणालं. मुलीचा दोष नव्हता; नियमच तसा होता. आतल्या साहेबाने चैत्याला बोलावून नोटा कुठून आणल्या ते विचारलं, सुटकेचा कागद पाहिला आणि पुन्हा हे घेऊन इथे येऊ नकोस, असं सांगितलं. चैत्या बाहेर आला तेव्हा ते पाच मजूर पुन्हा रांगेत होते.

वापीला एका चलन बदलणाऱ्याकडे मी फोन केला. समोरच्याने आधी नाही म्हटलं. मग आवाज उतरवून, बाई, पंधरा पैसे देईन, पण पावती नाही, असं सांगितलं. सीमेवर एकोणतीस आणि वापीला पंधरा. चैत्याने तेही ऐकून घेतलं आणि मान हलवली. मग मी म्हटलं, मला दे त्या, मी सीमेचा भाव देते.

"तुम्ही काय करणार बाय त्याचं?"

"ठेवीन."

"मग ती भीक झाली," तो म्हणाला, आणि उठून गेला.

पाड्यावर दरम्यान दुसरंच चाललं होतं. शितलचं तुषारशी जमलं होतं. तुषार उंबरगावला कारखान्यात जातो, चांगला मुलगा. त्याची आई म्हणाली, मुलगी आवडली, पण तुमचं लगीन राहिलंय ते आधी उरका. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. जानी सगळा दिवस चिकू निवडत हाच हिशोब करायची. चार वर्षांत बोकड महाग झाला होता, तांदूळ महाग झाला होता, आणि चैत्याच्या अठरा हजारांचे पाच हजार झाले होते, तेही घ्यायला कुणी तयार नव्हतं.

अशात नविन नावाचा एक माणूस उगवला. अच्छाडच्या नाक्याजवळ त्याचा ढाबा आहे. ट्रकवाल्यांना काय काय पुरवतो ते इथे सगळ्यांना माहीत आहे, पण ढाब्यावर झेंडा मोठा आहे. चैत्या सुटून आला तेव्हा नविनने त्याला एक स्वस्तातली शाल पांघरवली होती आणि फोटो काढून घेतला होता. शाल पहिल्याच धुण्यात विरली. आता २६ जानेवारीला त्याचा कार्यक्रम होता. त्याने जानीसमोरच चैत्याला सांगितलं, की स्टेजवर येऊन त्या नोटा पेटवायच्या, तो व्हिडिओ काढेल, आणि रोख पंधरा हजार देईल.

"देशासाठी चार वर्षं आत काढलीस तू," तो म्हणाला.

"देशासाठी नाय. चिमणशेठच्या बोटीसाठी."

"तेच ते. पेटव फक्त."

"सगळ्या?"

"दोनच पेटवल्या तर लोक विचारतील ना, बाकीच्या कुठं लपवल्या."

हे मला जानीने सांगितलं. पंधरा हजार म्हणजे सीमेच्या भावाच्या तिप्पट. जानी म्हणाली, पेटव. इथं ते कागदच आहेत. चैत्या हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही, आणि तिने त्याला हो समजलं. बोकडाचा विसार देऊन टाकला.

कार्यक्रमाला मी होते. वयामुळे मला पुढची खुर्ची देतात. नविनचं भाषण झालं. तोंडातला मावा एका गालात ढकलून तो हुतात्म्यांबद्दल बोलला. स्टेजच्या मागे तो थुंकला त्याची लाल धार पायरीवरून खाली येत होती, आणि तिच्या शेजारून शाळेच्या मुली अनवाणी चढत होत्या. मग चैत्याला वर बोलावलं. पितळेचं ताट, ताटात कापूर, हातात काडेपेटी. त्याने नोटा ताटात ठेवल्या. सगळ्यांनी मोबाइल वर धरले.

चैत्याने ताटाकडे बघितलं. मग नोटा उचलून पुन्हा प्लॅस्टिकच्या पिशवीत घातल्या, पिशवी सदऱ्याच्या आत सारली. नविनने माइक त्याच्या तोंडाशी नेला, काय झालं सांग म्हणून. त्याचं बोलणं सगळ्यांना ऐकू गेलं.

"एका हजाराला चाळीस माळा लागल्या. जाळायला नाय केल्या."

त्यानंतर जे ओरडले ते सगळे माझ्या ओळखीचे होते. एकाचं दुकान आहे, एक शिकवण्या घेतो. चैत्याला त्यांनी ज्या देशाच्या नावाने हाक मारली, त्या देशाने त्याला चार वर्षं कोंडलं होतं, एवढं तरी त्यांच्या लक्षात यावं. कुणीतरी बाटली फेकली. नविनच्या पोराने चैत्याला पायरीवरून ढकललं, तेव्हा मी खुर्चीवरून उठले आणि त्या मुलाच्या हाताला धरून त्याला बाजूला केलं. त्याने माझ्या तोंडावर, आजी तुम्ही यात पडू नका, असं गोड आवाजात सांगितलं. घरी येऊन मी तो हात साबणाने धुतला.

जानी दुसऱ्या दिवशी कामावर आली, आणि चैत्या मागोमाग आला. ढिगाशी बसून दोघं भांडली. मला वाटत होतं मी चैत्याच्या बाजूची आहे. मग जानी बोलली.

"तुझ्या हाताचं म्हणून जपतोस. मी पण चार वर्षं हातानेच निवडलं ना? ते चिकू जपून ठेवले असते तर कुजले असते. विकले, म्हणून तुझी पोर जेवली."

चैत्या उठून फाटकाबाहेर गेला. 

नविनकडे तो परत गेला नाही, आणि गेला असता तरी उपयोग नव्हता; आता फुकट पेटवल्यास तरी नको, असा निरोप नविनने पाठवला होता. बोकडाचा विसार बुडाला. तुषारच्या आईचा निरोप आला, आखातीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, उरका, नाहीतर आम्ही दुसरीकडे बघतो. मी जानीला म्हटलं, लगनाचे पैसे माझ्याकडून घे, कामात वळते करू. ती हसली. तुमचे घेतले तर वर्षभर दोघं तुमच्या वाडीला बांधले जाऊ, म्हणाली. चिमणशेठची बोट मे महिन्यात तरी सोडते. तिने हे रागाने म्हटलं नव्हतं. मला ते अजून गिळता आलेलं नाही.

चिमण आलाच. कुठे केव्हा यायचं हे गिधाडाला आणि त्याला बरोबर कळतं. खाटेवर बसून त्याने चैत्याची आपुलकीने चौकशी केली, कराचीत डाळ कशी असायची ते विचारलं. मग हिशोब मांडला. जुनी उचल अर्धी बाकी. चैत्या म्हणाला, पण मी पकडलो गेलो होतो. चिमण म्हणाला, पकडला गेलास ते खरं, पण ते महिने तू तुरुंगात बसलास, बोटीवर नाही. बोटवाल्याने त्याचे पैसे का सोडावेत? वर त्याची बोटही गेली. नवी उचल पस्तीस हजार ठरली. जुनी बाकी कापून आणि त्याचे शेकडा वीस कापून जे उरलं ते जानीच्या पदरात पडलं. चैत्याने आपल्या नोटा दाखवून, या घेता का, असं चिमणलाही विचारून पाहिलं. चिमणने एक नोट उन्हात धरून पाहिली आणि पोराला खेळायला दे, म्हणाला.

आखातीच्या आधी दोन्ही लगनं एका मांडवात झाली. धवलेरीने रात्रभर गाणी म्हटली. भिंतीवरचा चौक पांढराशुभ्र उठला होता. जानीने हळद लावून घेतली तेव्हा तिचा चेहरा मी इतक्या वर्षांत प्रथमच मोकळा पाहिला. शितल आईकडे बघून लाजत होती. मला तिथे आनंद झाला, तो मी नाकारत नाही. पण मांडवातल्या सगळ्यात चांगल्या खाटेवर चिमण पाय पसरून बसला होता, आणि बोकडाचा पहिला वाटा त्याच्यापुढे गेला. नविनही आला होता. तारपा वाजायला लागल्यावर तो चैत्याच्या गळ्यात हात टाकून नाचला, झालं गेलं विसरून जा म्हणाला, आणि त्याचाही व्हिडिओ काढून घेतला. मी जेवले नाही. पोट ठीक नाही असं सांगितलं.

ऑगस्टमध्ये चिमणच्या टेम्पोच्या आदल्या दिवशी चैत्या निरोप घ्यायला वाडीत आला. पावसामुळे फळ कमी होतं, जानी एकटीच ढिगाशी बसली होती. त्याच्या कमरेला ती प्लॅस्टिकची पिशवी होती, दोऱ्याने घट्ट बांधलेली. समुद्रावर त्या नोटा कशाला नेतोस, असं मी विचारलं.

"बाय, परत धरलं तर तिथं चालतील," तो म्हणाला.

त्याने ते विनोदाने म्हटलं नव्हतं. टोपी घ्यावी, कांबळं घ्यावं, तसं त्याने ते घेतलं होतं. आपली मजुरी खपवायला माणसाला पुन्हा तुरुंगाची वाट बघावी लागते, असा हा आपला देश. भाव थोडा वाढलाय, तीस झालाय, एवढंच मी म्हटलं, आणि म्हटल्यावर माझीच मला किळस आली.

जानीने हातातला चिकू दाबून बघितला आणि बारक्यांच्या ढिगात टाकला. मान वर न करता ती म्हणाली, "आणि सोडलं तर या खेपेला सीमेवर जे देतील ते घे."

तो हो म्हणाला.